सगुणाचं पापलेट

मित्रांनो, वेसाव्याच्या एका होडीची मी जुनी सागवानी फळी. होडी मोडली, मी उरले. मला थोडा गर्व आहे, तो आधीच सांगून टाकते, कारण माझ्यावर पापलेट आहे.

होडी नवी होती तेव्हा लहू कोळ्याची नवी नवरी सगुणा रंगाचा डबा घेऊन आली आणि तिने ते माझ्यावर काढलं. बंदरावर हशा पिकला. "बायका मासे विकतात, काढायला कवापासून लागल्या?" लहूने मात्र ते कुणाला पुसू दिलं नाही. पुढे दरवर्षी नारळी पौर्णिमेआधी तो मला पॉलिशपेपरने घासायचा आणि तेच पापलेट पुन्हा रंगवायचा. सगुणा गेली. मुलाने फायबरची होडी घेतली आणि मी बर्फाच्या खोक्यांमागे जाऊन पडले. तरी पौर्णिमा जवळ आली की लहू मला शोधून काढायचाच.

त्याची नात नमिता कलाशाळेत शिकते. यंदा तिला पारंपरिक आणि आधुनिक कलेची तुलना लिहायची होती. आधुनिक म्हणून तिने एका प्रदर्शनातली फाटक्या जाळ्यांची मांडणी निवडली, पारंपरिक म्हणून मला. पण माझा ऑइलपेंट तिला भलताच चकचकीत वाटला. "खाली आजीच्या हातचा थर असणार गं, तो मिळाला तर झकास!" असं ती मैत्रिणीला फोनवर म्हणाली. लहू बाजारात गेलेला बघून तिने रंग काढायचं औषध आणि खरवडायची पट्टी घेतली.

लाल गेला, निळा गेला, पिवळाही गेला. पोरी थांब, असं मला ओरडावंसं वाटलं, पण फळीला तोंड कुठलं? शेवटी उघडं लाकूड लागलं. सगुणाची एक रेघही तिथे नव्हती.

लहू आला तेव्हा नमिता रडत बसली होती. "आजा, मी आजीचं चित्र घालवलं रे!"

तो तिच्याशेजारी टेकला. "सगुनाचा रंग तिसऱ्याच वर्साला खाऱ्या पान्यानं खाल्ला गो. तवापासून मीच काढतोय."

"मग परत काढ ना!"

लहूने उजवा हात पुढे धरला. तो थरथरत होता. गेल्या वर्षी एकेक रेघ त्याने तीन-तीनदा पुसली होती, हे फक्त मला ठाऊक होतं. आता पापलेट त्याच्या डोक्याबाहेर कुठेच नव्हतं, आणि मला खरोखर भीती वाटली.

"तू काढ," तो म्हणाला. "मी सांगतो."

दोन दिवस ती दोघं माझ्याजवळ बसली. "शेपूट येवढी ताठ नको. तिला घाई व्हती, भात करपत व्हता." प्रत्येक रेघेमागे आजीची एक गोष्ट निघाली. नमिताने त्यातली एकही पूर्वी विचारली नव्हती.

मग मी रिक्षात बसून कलाशाळेत गेले. मॅडमनी विचारलं, "किती जुनं आहे हे?"

"परवाचं आहे, मॅडम," नमिता म्हणाली. "आजाला पाठ होतं."

मित्रांनो, जुनं जपायचं म्हणजे काचेआड ठेवायचं, असं समजू नका. घरात कुणाच्या हातात काही कला असेल तर तो हात थकण्याआधी त्याच्याजवळ बसा, चुका, पुसा, पुन्हा काढा. यंदा लहूने नुसता रंग ढवळला. पापलेट तरीही आलं.