तिच्या नाकावर माझा भरवसा होता

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. बूड जाड, कान दोन आणि स्वभाव उतावळा. लोहाराने मला ठोकून ठोकून घडवलं, तेव्हापासून मला स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. विस्तवावर चढेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

मला विकत आणलं एका परिचारिकेने. तिची लेक तिला आई म्हणायची, म्हणून मीही आईच म्हणते. तिच्याही पायाला भिंगरी! सुट्टीच्या सकाळी ती सफरचंदाचे डोनट तळायची. फळाच्या बारीक फोडी परतून कोरड्या करायची, दालचिनी, जायफळ आणि दोन लवंगा कुटायची, अन् सगळं फुगलेल्या पिठात मिसळायची. तेल तापलं की नाही, हे ती नुसत्या वासावरून ओळखायची. डोनट साखरेत लोळायच्या आत शेजारपाजारचे दारात हजर. "कढई असावी तर अशी!" ते म्हणायचे, आणि मला मूठभर मांस चढायचं.

एकदा आई आठवडाभर तापाने अंथरुणाला खिळली. उठली ती निराळीच. दालचिनीची डबी नाकाशी धरायची, ठेवायची, पुन्हा धरायची. खिडकी उघडायची, लावायची. लेकीला ते दिसलंच नाही. तिला परगावी नोकरी लागली होती, सगळं लक्ष सामानात.

असे चार महिने गेले. निघायच्या दिवशी लेक म्हणाली, "आई, डोनट कर ना. डबा भरून नेते."

आईने मला शेगडीवर चढवलं आणि पाठमोरी होऊन ती पीठ लाटू लागली. तेल तापलं, मग धुरकटलं. आई, वळ ना! मी आतल्या आत तळमळत होते. ती वळली नाही. आणि भडका उडाला.

लेक पाण्याची बादली घेऊन धावली.

"पाणी नको!" आई ओरडली. तिने गॅस बंद केला आणि मोठं झाकण माझ्यावर सरकवलं. ज्वाळा गुदमरल्या. दोघींचा जीव भांड्यात पडला. ते भांडं मीच, म्हणून खात्रीने सांगते.

"एवढा धूर झाला, तुला वास नाही आला?"

आईने खिडकी उघडली. "तापापासून कसलाच वास येत नाही गं."

"चार महिने? आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर मला शेगडीजवळ उभं राहू दिलं असतंस?"

लेक रडतच गाडीला गेली. मला माळ्यावर टाकलं. अंगावर गंज चढला. खाली दिवसभर आईच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या, आणि वर मी तशीच बेचैन.

दोन महिन्यांनी लेक सुट्टीवर आली. तिने मला खाली काढलं, घासून तेल चोळलं आणि आईच्या हाती तेलाची उष्णता मोजणारा लांब दांड्याचा थर्मामीटर दिला.

"लोकांचा ताप मोजण्यात जन्म गेला तुझा. आता हिचा मोज. आणि शेगडी चालू असताना पाठ फिरवायची नाही."

"बरं, मास्तरीणबाई," आई म्हणाली. किती दिवसांनी ती हसली!

पहिला डोनट तिने तोडला. चावत राहिली. "गरम आहे. गोड आहे. पुढचं नाही कळत."

लेक तिला खेटून बसली. "मी सांगते. आधी जायफळ येतंय, हलकंसं. मग सफरचंद. लवंग जरा जास्त झालीय."

"होय?" आई डोळे मिटून ऐकत होती. "सांग, अजून सांग."

मित्रांनो, तापल्या तेलाला कधी पाठ दाखवू नका. त्याने पेट घेतला तर पाणी ओतू नका. आणि घरातलं माणूस उगाच अस्वस्थ दिसलं, तर त्याला विचारा. आम्हा भांड्यांना सगळं दिसतं, पण विचारता येत नाही.