तूदाच्या कानांतली यंत्रं

अगादीर शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या लेकीच्या, तूदाच्या कानांत ऐकायची यंत्रं बसवली, तेव्हा मला बजावलं होतं, "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कानात राहू द्या, तरच तिला आवाज ओळखायची सवय लागेल. मग धीर धरा." धीर! आठ महिने मी दुसरं काय करत होते?

मी बायकांच्या तेलाच्या सोसायटीत अर्गानच्या बिया दगडाने फोडते. सकाळी आठला जाते, असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, बांग झाली की घरी येते. नवरा कासाब्लांकात, दुसऱ्याच्या किराणा दुकानात. तीन वर्षांची तूदा दिवसभर माझ्या सासूबाईंजवळ. रोज घरी आले की मी तिच्या पाठीमागे उभी राहून ताटली बडवायची. शेजारची कुत्री भुंकायची, तूदा मात्र ढिम्म.

"अगं इज्जा, वळेल एक दिवस," माझ्या बाजूला बसणारी किल्तूम म्हणायची. "माझा नवरा बारा वर्षं झाली, हाकेला अजून वळत नाही. त्याचे तर कान धडधाकट आहेत."

मी हसायचे आणि दगड बोटावर मारून घ्यायचे.

गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "महिनाभरात फरक दिसला नाही तर यंत्रं दुसऱ्या मुलाला द्यावी लागतील." एका संस्थेने मदत म्हणून दिलेली होती ती. त्या संध्याकाळी मी ताटली वेड्यासारखी बडवली. तूदा मातीत खेळतच राहिली. मी तिच्या पाठीत धपाटा घातला, तेव्हा कुठे तिने वळून पाहिलं.

काल बियांचा ट्रक आला नाही म्हणून आम्हाला दुपारीच सोडलं. घरी आले तर तूदा अंगणात बकरीच्या पिल्लामागे धावत होती. कान रिकामे.

"आई, यंत्रं कुठायत?"

सासूबाई जराही गडबडल्या नाहीत. पाहुण्यांच्या खोलीत जाऊन त्यांनी कपाट उघडलं. सोनेरी काठाच्या चहाच्या पेल्यांशेजारी साखरेच्या निळ्या कागदाची पुडी होती. "हे बघ. जशीच्या तशी. ओरखडासुद्धा नाही."

"रोज काढता?"

"तू गेलीस की काढते, बांग झाली की घालते. अगं, गाईच्या किमतीची वस्तू! पोर मातीत लोळते, बकऱ्या दिसेल ते चघळतात. चांगली वस्तू कुणी अशी रोज वापरतं का?"

आमच्या घरात चांगली घोंगडी, चांगले पेले, सगळं पाहुण्यांसाठीच. माझ्या लग्नातल्या चपला मीही अजून घातलेल्या नाहीत. तरी त्या क्षणी म्हातारीचा गळा धरावा असं वाटलं. दिवसाचे दोन-तीन तास काय ऐकणार होती माझी पोर? आणि मी तिलाच मारलं.

पुडी उघडून मी अंगणात येऊन बसले आणि तूदाच्या कानांत यंत्रं घातली. हात मागे घेते न घेते तोच तिने ती अलगद काढली. आजीकडे गेली, तिच्या तळहातावर ठेवली आणि शाबासकीसाठी डोकं पुढे केलं.

आठ महिन्यांत लेक काहीच शिकली नाही म्हणून मी रडत होते. ती हे शिकली होती.

सासूबाईंचा हात तिच्या डोक्याकडे गेला आणि मधेच थांबला. "आता काय करायचं गं?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्हीच घाला," मी म्हटलं.

त्यांनी घातली. तूदाने काढली. त्यांनी पुन्हा घातली, तिने पुन्हा काढून त्यांच्या हातावर ठेवली. मग रडवेली होऊन ती आम्हा दोघींकडे बघत राहिली. आपलं काय चुकलं, ते तिला कळत नव्हतं.