तळहातावरचा थेंब

मी चमचा आहे. चहात साखर ढवळणाऱ्यांपैकी नव्हे. एका आचाऱ्याचा, चव बघायचा चमचा. लोक खुशामत करणाऱ्याला माझं नाव देतात. मी जन्मात कुणाची खुशामत केली नाही. माझ्या मालकानेही नाही.

मला एका फिटरने घडवलं. कारखान्यात उरलेल्या पोलादी पट्टीतून, जेवणाच्या सुट्टीत, कानशीने घासून घासून. दांडा लांब ठेवला. टोकाला आकडा वळवला, म्हणजे मी पातेल्याच्या काठावर अडकून राहीन. माझी वाटी जरा डावीकडे झुकली आहे. फिटर म्हणतो, मुद्दाम तशी केली. मी ते अजून मान्य केलेलं नाही.

त्याच कारखान्याच्या खानावळीत त्याचा मित्र आचारी होता. फिटरने मला त्याच्या हातात ठेवलं. "घे. रोज बोटं भाजून घेतोस, बघवत नाही."

आचाऱ्याने मला उलटसुलट करून पाहिलं. "चालेल," म्हणाला.

आचाऱ्याकडे याच्या वरचा शब्द नव्हता. होणाऱ्या जावयाला पाहूनही तो "चालेल" म्हणाला होता आणि घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. खाली मात्र शब्द पुष्कळ होते. "मीठ." "विस्तव कमी." "घाई केलीस." एवढ्यावर मदतनिसांच्या तोंडचं पाणी पळायचं.

त्याचा एक नेम होता. मी तोंडाला लागायचं नाही. उष्टा चमचा पातेल्यात जाता कामा नये. तो मला रश्श्यात बुडवून आधी नाकाशी नेई. मग डाव्या तळहातावर एक थेंब सोडून चाटे आणि डोळे मिटून थांबे. तो थांबला की भट्टीपाशी कुणी बोलत नसे. इतक्या वर्षांत मला कुणाचे ओठ लागले नाहीत. याचा मला अभिमान होता.

दोघे निवृत्त झाले. फिटरच्या डोक्यात एक खूळ होतं.

"जन्मभर तू उभा राहून आम्हाला वाढलंस," तो म्हणायचा. "एकदा मोठ्या शहरात जाऊ आणि बसून खाऊ. सकाळी खाऊ, दुपारी खाऊ, भूक नसेल तेव्हा तर नक्की खाऊ."

"तुला खाण्यातलं काय कळतं?"

"काही नाही. तू चालेल म्हटलंस की मला गोड लागतं."

पुढे आचाऱ्याला एक ताप आला. ताप गेला, पण जाताना जिभेची चव आणि नाकाचा वास घेऊन गेला. हे दोघांनाच ठाऊक होतं. त्याला आणि मला. थेंब तळहातावर पडायचा, तो चाटायचा, पण थांबायचा नाही. थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं. गुडघे दुखतात असं बायकोला सांगून त्याने घरातलं रांधणंही सोडलं.

आणि नेमका तेव्हा फिटर दारात उभा. नवा सदरा, हातात दोन तिकिटं. आचारी त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग आत गेला आणि मला रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं.

शहर मोठं होतं. गल्लीगल्लीत तवे, कढया, भट्ट्या. फिटर लहान पोरासारखा पुढे पळायचा आणि मागे वळून हाक मारायचा, "अरे चल लवकर, तो पाव गरम आहे तोवर."

भट्टीतून निघालेला पाव खाल्ला. आचारी म्हणाला, "छान."

फिटर चावायचा थांबला.

दुपारी बाजाराच्या कोपऱ्यावर निखाऱ्यावर भाजलेला मासा. "छान."

फिटरने मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं. मला तर दांड्यापर्यंत लाज वाटली. चांगला मासा होता, एका बाजूने करपलेला. ते मला दिसत होतं. आमच्या खानावळीत "करपवलास" असं ऐकू आलं असतं.

संध्याकाळी एका बाईच्या लहानशा दुकानात सूप घ्यायला बसलो. तीन टेबलं, भिंतीला वाफेचा ओलावा. आचारी हात धुवायला उठला. फिटरने इकडेतिकडे पाहिलं, मिठाची बाटली उचलली आणि मित्राच्या वाडग्यात उलटी धरली. चांगली उलटी धरली.

आचारी आला. मला बुडवलं, तळहातावर थेंब घेतला, चाटला.

"छान."

फिटरने हातातला पाव खाली ठेवला.

"कधीपासून?"

आचाऱ्याला कळायला वेळ लागला नाही. तो मला पुसत राहिला. मी स्वच्छ होतो, तरी पुसत राहिला.

"तापापासून."

"वहिनींना ठाऊक आहे?"

"नाही."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तू नवा सदरा घालून आलास." आचाऱ्याचा आवाज खाली गेला. "आयुष्यात एवढं एकच येत होतं मला. ते गेलं म्हटल्यावर तू माझ्याबरोबर कशाला फिरशील?"

"म्हणजे मी इतकी वर्षं तुझ्या जिभेशी दोस्ती केली होती का?" फिटर म्हणाला. "गाढवा."

सूप निवत चाललं. माझ्या मनात आलं, आता उठतील, सामान भरतील, उद्याची गाडी धरतील. मग मी कायमचा फळीवर.

फिटरने हात पुढे केला आणि मला आचाऱ्याच्या बोटांतून काढून घेतलं. स्वतःच्या वाडग्यात बुडवलं. आणि सरळ तोंडात घातलं.

त्याच्या पुढच्या दाताला धातूची टोपी आहे. ती माझ्या कडेवरून खर्रकन गेली.

"उष्टा केलास," आचारी म्हणाला.

"पातेल्यात कोण घालतंय? ऐक. आंबट आहे."

"कसं आंबट?"

"कसं म्हणजे? आंबट. जिभेवरून बारीक कानस फिरवावी तसं."

"लगेच, की मागून?"

फिटरने पुन्हा एक चमचा घेतला. "मागून. गिळल्यावर."

"गालात की घशात?"

"गालात. आणि आधी काहीतरी गोडसर लागतं. तापलेल्या लोखंडाला तेल लावलं की वास येतो ना, त्याच्या भावकीतलं."

आचाऱ्याने डोळे मिटले. तो थांबला. मी ताप येण्याआधीचं ते थांबणं ओळखलं.

"कांदा नीट परतलाय," तो सावकाश म्हणाला. "घाई केली नाही. आंबट शेवटी, पातेलं उतरवताना घातलंय. बाईला कळतं." डोळे उघडून म्हणाला, "चालेल."

फिटरने नाक सदऱ्याच्या बाहीला पुसलं. नव्या सदऱ्याच्या.

मग आम्ही ते शहर खाल्लं. एक चावायचा, एक विचारायचा. लोक वळून बघायचे, दोन म्हातारे भांडताहेत की काय. आचारी रागवायचा, "छान म्हणू नकोस, कसं ते सांग." फिटरने कारखान्यातलं एकेक हत्यार जेवणात आणलं.

आता मी आचाऱ्याच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असतो. त्याने बायकोला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, गुडघे दुखणारा माणूस ओट्याशी उभा राहून रडत नाही." तो पुन्हा रांधतो. रविवारी फिटर येतो. आचारी मला पातेल्यात बुडवून थेंब त्याच्या तळहातावर सोडतो. घरात नेम पुन्हा सुरू झाला आहे.

माझ्या कडेवर त्या टोपीचा ओरखडा आहे. आचाऱ्याची बायको राखेने घासते तेव्हा मला एकच धास्ती असते. बाई, बाकी सगळा चकचकीत कर. तेवढी कड राहू दे.