भिंत नसलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. माझ्या आजूबाजूला भिंत नाही, कुंपण नाही. बोथ गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, पडीत जमिनीत, दोन्ही पल्ले सताड उघडे टाकून मी एकटा उभा आहे. नवखा माणूस मला बघून हसतो. माझी गोष्ट ऐकली की त्याचं हसू जिरतं.

लोहाराने मला घडवलं ते एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यासाठी. मागच्या गोदामात बाया कापसातला कचरा वेचत बसायच्या. त्या गोदामाचं दार मी. बाया बाहेर गेल्या की काम थांबतं, पदराखाली कापूस जातो, असं मालकाचं म्हणणं. म्हणून दिवसभर मला बाहेरून कुलूप. तेव्हा माझं लई कौतुक! "हत्तीनं धडक दिली तरी हलणार नाही," मालक पाहुण्यांना सांगायचा.

हत्ती काही आला नाही. एका दुपारी आग आली. बायांनी आतून मला धडका दिल्या, मी हललो नाही. अकरा जणी गेल्या. लोक त्याला अपघात म्हणतात. मी म्हणत नाही. कुलूप आपोआप लागत नसतं.

गयाबाई त्याच गोदामात कामाला होती. गाठोडं घेऊन पुढच्या बाजूला गेली होती म्हणून वाचली. पुढे कारखाना मोडला आणि मला न्यायला भंगारवाला आला. गयाबाई माझ्यासमोर फतकल मारून बसली.

"बाई, सरका. लोखंड तुमचं हाय का?"

"लोखंड कोनाचंबी असू दे. मेल्या त्या आमच्या व्हत्या. लाव हात!"

त्याने हात लावला नाही.

मग गावात स्मारकाची कमिटी झाली. अध्यक्ष चंपतराव म्हणाले, संगमरवरी छत्री बांधू. गयाबाई म्हणाली, "छत्री काऊन? त्या काय उन्हानं मेल्या? आमाले हाच दरवाजा पायजे. अन् उघडा पायजे."

तिने बायांना घेऊन खड्डे खणले, मला उभं केलं, वेल्डिंगवाल्याकडून माझ्या पल्ल्यांवर अकरा नावं जोडून घेतली. जिवंत होती तोवर माझ्या पायाशी झाडत राहिली. गेल्या उन्हाळ्यात ती वारली.

यंदाच्या स्मृतिदिनाला चंपतरावांनी मोठा पुढारी बोलावला. पुढारी आला म्हणजे फीत आली. आणि उघड्या दरवाजाला फीत बांधणार कशी? त्यांनी माझे पल्ले ओढून घेतले. वाऱ्याने उघडतात म्हणून वर कुलूप ठोकलं! मी आतून जळत होतो.

तेवढ्यात गयाबाईची लेक तेजस्विनी मेणबत्त्या घेऊन आली. ती शाळेत शिकवते. मला पाहून जागीच थबकली.

"काका, हे काय करून राह्यले तुमी?"

"पोरी, पाव्हणे फीत कापतील, मंग उघडू. दोन मिनटाचं तर काम."

"त्या बायायलेबी दोनच मिनटं पायजे व्हते, काका."

चंपतरावांचा चेहरा उतरला. तरी म्हणाले, "मायवानीच तोंडाळ हायेस."

"हाव. माझ्या मायनं हा उघडा ठेवाले उभा केला. द्या किल्ली."

चंपतराव खिसे चाचपू लागले. किल्ली कमिटीतल्या अमरकडे होती, आणि अमर पुढाऱ्याला आणायला नेरडीगोंड्याला गेला होता. म्हाताऱ्या बाया माझ्याकडे बघत राहिल्या.

तेजस्विनीने धोंडा उचलला. पहिला घाव तिचा. नंतर तो धोंडा या हातातून त्या हातात फिरला, शेवटी चंपतरावांच्याही हातात आला. कुलूप तुटलं, फीत मातीत पडली. पुढारी पोचला तेव्हा बाया माझ्यातून आरपार चालत होत्या. त्याला कापायला काही उरलं नव्हतं. तो मुकाट रांगेत उभा राहिला.

मित्रांनो, मला हारतुरे नकोत, रंगसुद्धा नको. तुमच्या शाळेला, वसतिगृहाला मागचं दार असेल. उद्या जा आणि ते ढकलून बघा. उघडलं नाही तर मोठ्यांना विचारा, काऊन? आणि ते उघडेपर्यंत तिथून हलू नका.