दुखणं उतरवणारी वाटी

“बाबा, हे पाणी बिनलग्नाच्या पोरीनं प्यायलं तर काय होईल?”

अख्खा हॉल माना वळवून बघायला लागला. हा प्रश्न विचारायची पैज फटाकडीच्या मैत्रिणींनी लावली होती, आणि पैजेतून मागे हटली तर तिला फटाकडी कोण म्हणेल!

टायरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्यांवर गरोदर बायका, खाली सतरंजीवर त्यांचे नवरे, आणि मंचावर भारउतारे बाबा. प्रत्येक नवऱ्याला ते वाटीभर पाणी पाजायचे. घटकाभरात तो बादलीत तोंड घालून भडाभडा ओकला, की बाबा गरजायचे, “आलं! पत्नीचं दुखणं पतीच्या पोटी आलं! आता गोळी बंद, सुई बंद, दवाखाना बंद!” बायका डोळे पुसायच्या. असा नवरा मिळायला भाग्य लागतं म्हणे!

फटाकडीचा दादा तर भरली वाटी हातात घेऊन पाचव्यांदा ओकायला बसला होता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दोर हातानं चाचपल्याशिवाय कुणाला आत पाऊल टाकू द्यायचा नाही. पण वहिनीला सातवा महिना, आणि आपण नुसतेच बघत बसलोय, हे त्याला आतून खात होतं. आई म्हणाली, “बाबांकडे चल,” आणि हा निघाला.

वहिनी म्हणायची, “आता मला काही होत नाही.” पण दादा कामावर गेला की ती भिंत धरून चालायची. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. काल तर समोरचा पेला तिला दिसेना. हात हवेतच चाचपडत राहिला. तेव्हाच फटाकडीनं ठरवलं, बाबांना विचारायचंच. पैज नुसतं निमित्त.

“तुला हे नुसतं पाणी, पोरी!” बाबा हसले. “दुखणं यायला नवरा-बायकोचं नातं लागतं!”

“झालं तर मग!” तिनं दादाच्या हातातली वाटी हिसकावली आणि घटाघटा प्यायली.

बायका खुर्च्यांवरून वाकून बघायला लागल्या. मग तिच्या कपाळावर घाम फुटला, आणि तिनं धावत बादली गाठली. आतडी बाहेर येतात की काय, असं झालं. तोंड पुसत ती उभी राहिली.

“बोला बाबा! मला ना नवरा, ना बायको. माझ्यात कुणाचं दुखणं आलं?”

“पाखंडी! बाहेर काढा हिला!”

दादानं वाटी उचलली. तळाशी करडा गाळ होता. तो वहिनीकडे वळला. “खरं सांग. डोकं दुखतं?”

“रोज.” वहिनी पुटपुटली. “डोळ्यांपुढे अंधारी येते. पण बोलले असते तर तुम्हाला आणखी एक वाटी पाजली असती ना!”

बाबाची सगळी जादू एवढीच. वाटीत ओकारीची पूड, आणि नवऱ्याचे हाल बघवेनात म्हणून गप्प बसलेल्या बायका. दुखणं जागचं हललंच नव्हतं.

दादानं वाटी बरोबर घेऊन वहिनीला तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिचा रक्तदाब पाहिला, तो फार चढला होता, आणि त्यांनी तिला तिथेच दाखल करून घेतलं. मग वाटी हुंगली. “ओकारी आणणारं मूळ वाटून घातलंय. पैलवानाला द्या, तोही ओकेल. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर…” त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

दादाचा चेहरा पांढराफटक. “तिचं दुखणं ही धोक्याची घंटा, आणि लिफ्टवाला असून तिची तारच कापली हो मी. आता काय करू?”

“शेजारी बसा. काय होतंय ते विचारा, आणि ती सांगेल ते मला सांगा. तपासणीला एकटीला पाठवू नका. माझ्याकडे याहून मोठा चमत्कार नाही.”

बाहेर बाकावर आई पुटपुटली, “पण इतक्या जणींना गुण आला की गं…”

“कुणाला आला, आई? नवरा समोर नसताना एकीला तरी विचारलंस?” फटाकडी म्हणाली.

आत यंत्राची टिकटिक चालू होती. आणि रविवारी तो हॉल पुन्हा भरणार होता.

“जाऊ दे आता,” घरून धावत आलेले पप्पा म्हणाले. “असल्या माणसाच्या नादी लागू नये.”

“जाऊ देणार नाही, पप्पा. आई, तूही ऐक. वाटीतला गाळ डॉक्टरीणबाईंनी बाटलीत भरून दिलाय. उद्या सकाळी मी पोलीस चौकीत तक्रार देणार आहे. तुम्ही दोघं आलात तर बरं. नाहीतर एकटी जाईन.”