तळहाताचं भोक

ऊसतोडीच्या गाड्या निघायला आठ दिवस राहिले असतील. नेकनूरजवळच्या आमच्या वस्तीवर सोमेश्वरबाबा उतरला आन सगळ्या टोळीच्या हाताला भोकं पडली. त्याची पितळी नळी उजव्या डोळ्याला लावायची, डावा उघडा ठेवायचा, डावा तळहात नळीला टेकवून समोर धरायचा. तळहातात आरपार गोल भोक. कोयता चालवणारे गडी हात पाठीमागं लपवत होते. बाबा सांगायचा, ही करणी, ह्यातून घरचं सुख गळतं.

माझ्या सुनेनं, मनिषानं, पाहिलं आन दोन्ही हात पोटावर धरले. पाचवा महिना, आधीचं एक पोटातच गेलेलं. बाबानं हुकूम सोडला, नऊ दिवस दवाखान्याच्या गोळ्या बंद, भाकर बंद, नुसता अंगारा आन पाणी, न्हाईतर हेही गळंल. माझा लेक अभिमन्यू मान डोलवत बसला.

खोटं कशाला लिहू, मीही लई भ्याले. मी, जिला मुकादम वचकून असतो. पण तिसऱ्या दिवशी मनिषा चुलीपुढं चक्कर येऊन पडली, तशी मी बाबापुढं जाऊन नळी मागितली. घरात थोरली मी, करणी आधी माझ्या हातावर दिसाय पाहिजे.

माझा डावा डोळा उसाच्या पातीनं कवाच गेलेला. बाबाला काय ठाऊक. मला नळीतून वाटोळा उजेड दिसला, त्यात लिंबाची फांदी. हातच दिसंना, तर भोक कुठलं? भोक म्हंजे नळीचंच तोंड.

"श्रद्धा कमी हाय, माय," बाबा म्हणाला.

"श्रद्धा न्हाई, डोळा कमी हाय."

मनिषाला बोलावलं, नळी तिच्या डोळ्याला लावली, हात धरायला लावला. मग नळीचं पुढचं तोंड मी माझ्या हातानं बंद केलं.

"आता?"

"हात धड हाय, आत्याबाई," ती म्हणाली.

अभिमन्यूनं पेपरची गुंडाळी करून पाहिली. तिच्यातूनही भोक दिसलं. गुंडाळी हातोहात फिरली, तवर बाबानं झोळी आवरली.

दवाखान्यातल्या नर्सबाईनं नंतर उलगडून सांगितलं. एक डोळा नळीतलं वाटोळं पाहतो, दुसरा हात पाहतो, मेंदू दोन्ही एकावर एक ठेवतो. एवढीच करणी.

मनिषानं त्याच दिवशी भाकर खाल्ली, गोळी घेतली. तरी झोपताना तळहात दिव्यापुढं धरून पाहिलाच.

भीती वाटली तर लाजू नका, बायांनो. पण पोटुशीचं ताट काढून घेण्याआधी एक डोळा झाकून पाहा. सगळ्यांच्याच हाताला भोक कसं, हे एकानं तरी विचारा.