पाय आपटणारी सातवी

मी गणित शिकवते आणि मला गप्प वर्ग सहन होत नाही. हाताची घडी घालून बसलेली मुलं ऐकताहेत असं कुणाला वाटत असेल तर वाटो. मला ती उघड्या डोळ्यांनी झोपलेली दिसतात. म्हणून मी सातवीच्या वर्गात दारापासून खिडकीपर्यंत खडूची लांबलचक रेघ ओढली. मधोमध शून्य, खिडकीकडे धन आकडे, दाराकडे ऋण. गणित आलं की खिडकीकडे तोंड करून रेघेवरून चालायचं, तेही अनवाणी, म्हणजे आकडे पुसले जात नाहीत. वजा म्हटलं की पाठ फिरवायची, ऋण आकडा आला की उलट्या पावलांनी जायचं. कुणी चुकलं तर 'चुकलं' म्हणायचं नाही. सगळ्यांनी दोनदा पाय आपटायचे आणि चुकणाऱ्याने हसत पुन्हा सुरुवात करायची.

आमच्या खालच्या वर्गात इतिहासाचे सर शिकवतात, म्हणजे ही सगळी आपटाआपटी त्यांच्या डोक्यावर. त्यांनी मोठ्या बाईंकडे, आमच्या मुख्याध्यापिकांकडे, इतक्यांदा गाऱ्हाणं नेलं की शेवटी मला बोलावणं आलं.

"शुक्रवारी मी तुमच्या तासाला बसणार आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "गणित येत नसेल आणि नुसता धिंगाणाच असेल, तर सातवी दुसऱ्यांकडे देईन."

माझी सातवी! तळपायाची आग मस्तकात गेली.

शुक्रवारी मीच कच खाल्ली. सगळ्यांना बाकांवर बसवलं आणि बजावलं, "आज पायांना सुट्टी."

मोठ्या बाई मागच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी विचारलं, "दोनातून ऋण तीन वजा केले, तर किती?"

सगळ्यांच्या नजरा खडूच्या रेघेकडे वळल्या. पहिल्या बाकावर आमची गोगलगाय बसते. वर्गातली सगळ्यात लाजाळू मुलगी, नाव मैत्रिणींनी ठेवलेलं. तिचे पाय बाकाखाली चुळबुळत होते. उत्तर तिच्या पायांत होतं आणि ते पाय मीच बांधून ठेवले होते. मला माझाच असा राग आला म्हणता!

"ऊठ गं," मी म्हणाले. "चालून दाखव."

गोगलगाय चपला काढून दोनावर उभी राहिली आणि घाबरून पाठ फिरवायलाच विसरली. उलटी चालत गेली ती थेट ऋण एकावर.

धाड धाड! सवयीने अख्ख्या वर्गाने पाय आपटले. मी डोळे मिटून घेतले. गेली सातवी हातची.

गोगलगाय मात्र खुदकन हसली, दोनावर परत आली, पाठ फिरवली, उलट्या पावलांनी तीन आकडे गेली आणि ओरडली, "पाच!" तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

मोठ्या बाई उठून रेघेपाशी आल्या. "पण वजा करून वाढले कसे?"

"तुम्हीच चालून बघा ना, बाई," गोगलगाय म्हणाली.

बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि चपला काढल्या. दोनावर उभ्या राहिल्या, वळल्या, मागे मागे सरकत पाचावर पोचल्या आणि खाली बघतच राहिल्या.

"आम्हाला हे नुसतं पाठ करायला लावलं होतं," त्या म्हणाल्या. "का, ते आज कळलं. अजून एक सांग."

"एकातून पाच वजा!" गोगलगायीने फर्मान सोडलं.

बाई झोकात वळल्या आणि उत्साहाच्या भरात पुन्हा उलट्याच चालत सुटल्या. धाड धाड! खिडक्यांच्या काचा हादरल्या. बाई हसत एकावर परतल्या, वळल्या आणि या वेळी सरळ चालत ऋण चारावर जाऊन थांबल्या. आनंदाने माझा ऊर भरून आला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. इतिहासाचे सर, लालबुंद, हातात खडू.

"कोण घालतंय हा धिंगाणा?"

"मी," ऋण चारावरून मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि सातवी याच बाईंकडे राहणार. बूट काढा सर, शून्यावर उभे राहा."